प्रस्तावना: बिलाचा साचा कोण ठरवतो

कुंभकोणमजवळ कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर नावाचं गाव आहे. तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे असताना, 1693 च्या सुमारास, त्यांनी हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि गावाला शहाजीराजपुरम असं दुसरं नाव मिळालं. रामभद्र दीक्षित, श्रीधर वेंकटेश अय्यावाळ अशी मोठी माणसं तिथली. संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात गावाला जागा आहे ती त्यांच्यामुळे. मला या पुस्तकाच्या सुरुवातीला गाव आठवलं ते हिशेबामुळे. तंजावरचा दरबार दप्तर मोडीत लिहीत असे. गावचा कणक्कुपिळ्ळै, म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी, तमिळमध्ये लिही. दरबारी मोडी कागदांत चक्रम हे नाणं भेटतं, वेली हे जमिनीचं माप भेटतं, कलम हे भाताचं माप भेटतं. लिपी राज्यकर्त्यांची, मापं शिवारातली. मोडीचं वळण दरबाराला ठरवता येत होतं. एका कलमात भात नक्की किती, हे ठरवणं त्याहून कठीण होतं. बारा मरक्कालांचा एक कलम हे सर्वांना मान्य, पण मरक्काल मात्र गावोगाव लहानमोठा.

संगणकांनी एकमेकांना पाठवायच्या व्यापारी कागदांचा प्रश्न आजही याच दोन थरांचा आहे. मजकूर कोणत्या चिन्हांत मांडायचा, हा वरचा थर. मांडलेल्या शब्दाचा दोन्हीकडे अर्थ एकच आहे का, हा खालचा. बाजारात वाद होतात ते बहुतेक वरच्या थरावर: एक्सएमएल घ्यावं की जेसन, जुनं ईडीआय ठेवावं की फेकावं. पैसे अडकतात ते खालच्या थरावर. हे पुस्तक लिहायला घेतलं ते ही तफावत मराठीत कोणी नीट उकलून सांगितलेली मला सापडली नाही म्हणून.

विषय नव्याने भेटणाऱ्यासाठी थोडं मागून सांगतो. व्यापारात कागद ठरलेले आहेत: चौकशी, दरपत्रक, खरेदीचा आदेश, माल रवाना झाल्याची सूचना, बिल, पैसे देण्याची आज्ञा, पैसे पोचल्याची पावती. माणूस हे कागद वाचतो तेव्हा डोळ्यांनी सावरून घेतो. बिलावर तारीख उजवीकडे आहे की डावीकडे, 'रु.' लिहिलंय की नुसता आकडा आहे, याने त्याचं अडत नाही. यंत्राला हे सावरून घेणं जमत नाही. कुठला मजकूर कुठे, कोणत्या नावाने, किती लांबीचा, कोणता सक्तीचा आणि कोणता ऐच्छिक, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घ्यावं लागतं. त्या ठरवण्यालाच डेटाचा साचा किंवा सरळ फॉरमॅट म्हणतात.

पुस्तकभर एकच कल्पित सौदा घेतला आहे. कुंभकोणमजवळच्या नाच्चियारकोविलमध्ये पितळी समया ओततात. तिथल्या समईला भौगोलिक निर्देशनही मिळालेलं आहे. तिथला एक कारखानदार पुण्यातल्या भांड्यांच्या दुकानाला समया पाठवतो. एवढाच सौदा. पण समई मोजायची कशी? पितळ वजनावर विकलं जातं, गिऱ्हाईक जोडी मागतं, दुकानाचा साठा नगांवर चालतो. जीएसटीच्या एककांच्या यादीत किलो आहे, नग आहे आणि जोडीही आहे. कारखानदाराने बिलात 24 किलो लिहिले, दुकानाच्या आदेशात 6 जोड्या होत्या आणि गोदामातल्या माणसाने 12 नग उतरवून घेतले, तर तिन्ही नोंदी खऱ्या असून यंत्राला एकही दुसरीशी जुळत नाही. जगातला कोणताही फॉरमॅट आपण होऊन हे कोडं सोडवत नाही. फार तर तो तुम्हाला ते वेळेवर विचारतो. चांगल्या आणि वाईट साच्यातला मोठा फरक मला इथेच दिसतो.

दूरच्या माणसाशी ठरलेल्या साच्यात व्यवहार करण्याची रीत आपल्याकडे संगणकाने आणलेली नाही. हुंडीचंच पाहा. हुंडीचा मजकूर जवळजवळ ठरीव असे. दर्शनी की मुदती, शहाजोग की धनीजोग, हे शब्द चुकवून चालत नसे, कारण पैसे कोणाला आणि कधी द्यायचे ते त्यांवर ठरे. रक्कम एकदा लिहून भागत नसे. शंभराची हुंडी असेल तर निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर, असं फोडून लिहीत. एका आकड्यात कोणी खाडाखोड केली तर दुसरा चुगली करी. आजचे अभियंते संदेशाच्या शेवटी पडताळणीची बेरीज जोडतात ती याच हेतूने. हुंडी हरवली तर पेठ लिहून देत, तीही गेली तर परपेठ. आणि मूळ हुंडीवर पैसे दिलेले नसतील तरच पेठेवर द्यायचे, हे पेढीला पक्कं ठाऊक असे. जाळं मध्येच तुटलं, संदेश पोचला की नाही कळेना म्हणून पुन्हा पाठवला, तर पैसे दोनदा जाऊ नयेत यासाठी आजही हाच बंदोबस्त लागतो. आजच्या कित्येक प्रणाल्यांत तो नसतो. इंग्रजांनी 1881 चा परक्राम्य संलेखांचा कायदा केला तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांची स्थानिक वहिवाट त्यांनी कायम ठेवली. पेढ्यांचा साचा कायद्याहून जुना आणि बाजाराला जास्त पटलेला होता, हे त्यांना मान्य करावं लागलं.

संगणकी साच्यांची गोष्ट मालवाहतुकीतून सुरू होते. 1948 साली बर्लिनची नाकेबंदी झाली आणि विमानांनी शहराला धान्य-कोळसा पुरवायची वेळ आली, तेव्हा देशोदेशीच्या वेगवेगळ्या भरणापत्रकांनी गोंधळ उडवला. एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने टेलेक्सवर चालेल असं एकसारखं पत्रक बसवलं. पुढे नागरी उद्योगात त्यानेच हा विचार नेला. अमेरिकेत 1968 साली वाहतूकदारांची समन्वय समिती झाली, 1975 ला तिचं पहिलं मानक आलं आणि 1979 पासून एक्स-12 या नावाने राष्ट्रीय मानकाचं काम सुरू झालं. युरोपने आणि संयुक्त राष्ट्रांनी मिळून एडिफॅक्ट बांधलं. त्याचे लेखननियम 1987-88 मध्ये आयएसओ 9735 म्हणून मान्य झाले.

ज्याला ईडीआय म्हणतात त्या या पहिल्या घराण्याचा स्वभाव काटकसरीचा. त्या काळी तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक अक्षराचे पैसे पडत. म्हणून तीन अक्षरी खुणा, त्यांच्यामागे अधिकचिन्हाने तोडलेले तुकडे, तुकड्यांत अपूर्णविरामाने तोडलेले उपतुकडे, ओळ संपली की एकेरी अवतरणचिन्ह. नवख्याला हे पान कीड लागल्यासारखं दिसतं. पण आजही मोठ्या बंदरात जहाजावर कोणता कंटेनर कुठल्या ओळीत रचला आहे, हे सांगणारा बॅप्ली हा संदेश एडिफॅक्टचाच असतो, आणि न्हावा-शेवाला लागणारं जहाजही त्याच भाषेत आपला रचनानकाशा सांगतं. जर्मन वाहन उद्योगाने व्हीडीए बसवलं, युरोपातल्या वाहन उद्योगाने ओडेट. चाकणच्या सुटे भाग करणाऱ्याला परदेशी गिऱ्हाईक मिळालं की तो कोणता साचा वापरणार, हे त्याला कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक आपली जाडजूड मार्गदर्शिका पाठवतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण पाठ्यपुस्तकं ती टाळतात. साच्याची निवड ही बहुधा ताकदवानाची असते. 2002 मध्ये वॉलमार्टने पुरवठादारांना इंटरनेटवरच्या एएस-2 पद्धतीने कागद पाठवायला लावले आणि हजारो कारखान्यांची 'निवड' एका पत्राने झाली. तंत्राची तुलना करणारे तक्ते तेव्हा कोणी काढून पाहिले नाहीत.

बँकांचे साचे वेगळे वाढले. 1973 मध्ये 15 देशांतल्या 239 बँकांनी ब्रुसेल्सला स्विफ्ट ही सहकारी संस्था काढली. 1977 पासून संदेश जाऊ लागले. तिच्या जुन्या एमटी संदेशांत ग्राहकाच्या नावापत्त्याला 35 अक्षरांच्या चार ओळी, त्याही मोजक्या रोमन अक्षरांत. आता तिरुविसनल्लूर हे नाव रोमनमध्ये किती प्रकारे लिहिता येतं ते पाहा: सुरुवातीला 'त' साधा की हकारयुक्त, मधला 'स' कसा, 'विशै' की 'विस', 'ल' एक की दोन. एकाच माणसाचे दोन संदेश दोन गावांतून आल्यासारखे दिसतात. निर्बंधांच्या यादीशी नावं ताडणारं यंत्र अशा ठिकाणी अडून बसतं आणि रक्कम दोन दिवस लटकते. हा दोष कोणा कारकुनाचा नाही, 35 अक्षरांच्या ओळीचा आहे. आयएसओ 20022 या नव्या मानकाने (पहिली आवृत्ती 2004) पत्त्याचं गाव, पिनकोड, देश असे कप्पे केले. भारतीय रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस प्रणाली ऑक्टोबर 2013 मध्येच या मानकावर गेली. आंतरराष्ट्रीय देयकांत जुन्या आणि नव्या संदेशांचा जोडसंसार मार्च 2023 ते नोव्हेंबर 2025 चालला. या एका बाबतीत आपण पुष्कळ जगाच्या आधी होतो, हे मराठी वाचकाला सहसा सांगितलं जात नाही.

कुंभकोणमचा या विषयाशी संबंध फक्त समयांपुरता नाही. सिटी युनियन बँकेचं मुख्यालय याच गावात आहे. 1904 साली कुंभकोणम बँक म्हणून ती निघाली, आणि आजचं नाव तिने 1987 मध्ये घेतलं. फेब्रुवारी 2018 मध्ये या बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेत शिरून चोरांनी तीन देयकं परदेशी सोडली: एक न्यूयॉर्कमार्गे दुबईकडे, एक फ्रँकफर्टमार्गे तुर्कस्तानकडे, एक न्यूयॉर्कमार्गे चीनकडे. मिळून जवळपास 20 लाख डॉलर. दुबईकडची पाच लाख डॉलरची रक्कम वाटेतच अडली. स्विफ्टला जोडलेला प्रिंटर आधीच बंद पाडला होता, त्यामुळे पोचपावत्या छापल्याच गेल्या नाहीत, अशा बातम्या आल्या. 7 फेब्रुवारीला रोजचा मेळ घालताना हे उघड झालं.

या प्रकरणाकडे सायबर चोरी म्हणून सगळ्यांनी पाहिलं, आणि ती होतीच. मला त्यातली दुसरी बाजू जास्त शिकवणारी वाटते. ते तीनही संदेश साच्याच्या दृष्टीने बिनचूक होते. रकाने भरलेले, संकेतांक बरोबर, म्हणून पलीकडच्या बँकांच्या यंत्रांनी ते स्वीकारले. साचा फक्त विचारतो, 'वाक्य व्याकरणशुद्ध आहे का?' 'हे तूच बोललास का?' हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा. चोरी पकडली ती मेळ घालण्याच्या जुन्या सवयीने. त्याच महिन्यात मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतलं पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण बाहेर आलं. तिथे तर हमीपत्रं स्विफ्टवरून जात होती आणि बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. आकडा सुमारे 13 हजार कोटींपर्यंत गेला. दोन प्रणाल्या, दोन साचे, आणि मध्ये पूल नाही. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर सर्व बँकांना स्विफ्ट आणि मुख्य हिशेबप्रणाली थेट जोडून घ्यायला मुदत घालून दिली. फॉरमॅट निवडताना लोक सोय बघतात, वेग बघतात, लायसनची किंमत बघतात. मेळ कुठे बसणार हे क्वचितच बघतात. या पुस्तकात मी तो प्रश्न सर्वांत आधी विचारला आहे.

आता दुसऱ्या घराण्याकडे. फेब्रुवारी 1998 मध्ये एक्सएमएल आलं आणि पुढची चार-पाच वर्षं आशावादाची होती. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला माणसाला वाचता येईल असं नाव द्यायचं, ही कल्पना मोहक होती. ज्याला त्याला वाटलं, आता कोणीही कोणाशीही व्यवहार करील. अरिबाने सीएक्सएमएल काढलं, कॉमर्स वनने एक्ससीबीएल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी रोझेटानेट, मायक्रोसॉफ्टने बिझटॉक. ओएसिस ही मानकं घडवणारी संस्था आणि संयुक्त राष्ट्रं यांनी 1999 च्या नोव्हेंबरमध्ये ईबीएक्सएमएल हाती घेऊन दीड वर्षात पुरं केलं. परिणाम काय? नावं वाचता येऊ लागली, पण प्रत्येकाची नावं वेगळी. एकाचा 'खरेदीदार' म्हणजे मागणी नोंदवणारा, दुसऱ्याचा म्हणजे पैसे देणारा, तिसऱ्याचा म्हणजे माल उतरवून घेणारा. नावं वाचता आली म्हणून अर्थ जुळतात असं नाही, हे कळायला उद्योगाला बराच खर्च आला.

त्या धुरळ्यातून टिकलं ते यूबीएल, म्हणजे व्यापारी कागदांची सार्वत्रिक भाषा. 2004 ची पहिली आवृत्ती, 2013 ची 2.1, आणि 2015 मध्ये आयएसओचं शिक्कामोर्तब. ती टिकण्याचं कारण तंत्रात शोधू नये. डेन्मार्कच्या सरकारने फेब्रुवारी 2005 पासून सरकारी खात्यांना येणारी बिलं या घराण्यातल्या साच्यातच घ्यायची असं ठरवलं. त्याच अनुभवातून युरोपात व्यापारी कागद पाठवण्याचं पेपॉल हे जाळं उभं राहिलं, ई-बिलांबाबतचा 2014 चा युरोपीय निर्देश आला आणि 2017 मध्ये ईएन 16931 हे मानक. या मानकाने केलेली गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. त्याने आधी बिलात कोणत्या गोष्टी असतात आणि त्यांचा अर्थ काय, याची यादी केली. चिन्हांचा प्रश्न नंतर घेतला आणि त्यासाठी दोन पर्याय मोकळे ठेवले. पेपॉल पुढे सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपानपर्यंत गेलं. जर्मनीत 1 जानेवारी 2025 पासून देशांतर्गत व्यापार करणाऱ्या प्रत्येक व्यवसायाला मानकाप्रमाणेचं ई-बिल घेता येणं बंधनकारक आहे. जर्मनीला समया निर्यात करणाऱ्याला आज ना उद्या याची धग लागणारच.

तिसरं घराणं जेसनचं. डग्लस क्रॉकफर्डने 2001 च्या सुमारास जावास्क्रिप्टमधून ते वेगळं काढलं. महिरपी कंस, अवतरणचिन्हं, संपलं. तरुण प्रोग्रामर त्यावर जीव टाकतात, आणि तेही बरोबरच आहे. शिकायला एक दुपार पुरते. पण व्यापाराच्या दृष्टीने त्यात दोन भोकं आहेत. जेसनला तारीख हा प्रकार माहीत नाही. 04/05/2025 ही चेन्नईत 4 मे असते, शिकागोत 5 एप्रिल. दुसरं, आकडा किती अचूक धरायचा हे जेसन सांगत नाही. वाचणारी यंत्रं तो बहुधा द्विमान अपूर्णांकात ठेवतात, आणि तिथे 0.1 अधिक 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 येते. एका बिलात हा फरक दिसत नाही. वर्षाच्या ताळेबंदात पैशांची बेरीज चुकू शकते आणि चूक कुठे आहे हे शोधत बसावं लागतं. रक्कम मजकूर म्हणून पाठवा किंवा पैशांत पूर्णांक पाठवा, हा उपाय साधा आहे. पण तो साच्यात लिहून ठेवावा लागतो, तोंडी ठरवून भागत नाही.

भारताने वस्तू व सेवा कराच्या ई-बिलासाठी जेसनच निवडलं. आराखड्याला आधार मात्र यूबीएल-पेपॉलच्या विचाराचा. ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्याने मर्यादा उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली. प्रत्येक बिल आधी सरकारी नोंदणी पोर्टलवर जातं, तिथून 64 अक्षरांचा नोंदक्रमांक आणि क्यूआर कोड घेऊन परत येतं. हा क्रमांक कशापासून होतो, ते मी कित्येक अनुभवी लेखापालांना विचारलं आहे आणि बहुतेक जण 'बिलाच्या रकमेपासून' असं उत्तर देतात. तसं नाही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, कागदाचा प्रकार, कागदाचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष, एवढ्या चारच गोष्टी त्यात असतात. रक्कम नाही, खरेदीदारही नाही. बिलाची ओळख आणि बिलाचा मजकूर या दोन गोष्टी इथे मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. मजकुराची राखण पोर्टलची डिजिटल सही करते. म्हणूनच चुकलेलं बिल दुरुस्त करता येत नाही, 24 तासांत रद्द करावं लागतं आणि तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. ही रचना एकदा समजली की पोर्टलचे निम्मे 'त्रास' नियम म्हणून दिसू लागतात.

या साच्यावर माझी टीकाही आहे आणि ती पुस्तकात सविस्तर येईल. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी तिरप्या रेघांनी घेणं हा देशी सवयीला दिलेला मान असला, तरी आंतरराष्ट्रीय मानकापासून विनाकारण घेतलेली फारकत आहे. मागणी, रवानगी, पोच यांच्याबद्दल हा साचा जवळजवळ मुका आहे, कारण त्याचा जन्म करवसुलीसाठी झाला. सरकारला बिल हवं आहे. समया पुण्यात फुटक्या पोचल्या का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे आपल्याकडे असं विचित्र चित्र आहे की बिल जगातल्या उत्तम साच्यांपैकी एकात जातं आणि त्याची मागणी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून येते. इटलीनेही जानेवारी 2019 पासून खासगी व्यापारातलं बिल सरकारी नाक्यावरून न्यायला लावलं. ब्राझील आणि मेक्सिको त्याच्याही आधीचे. करनाक्यामुळे साचा वेगाने पसरतो हे सगळीकडे दिसलं. त्या साच्याने व्यापार सुकर होतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर मला अजून तरी होकारार्थी दिसत नाही.

चौथं घराणं विद्वानांच्या यादीत सापडत नाही, पण प्रत्यक्षात सर्वांत मोठं तेच आहे: एक्सेल आणि स्वल्पविरामाने तोडलेली सीएसव्ही फाइल. कोल्हापुरातली फाउंड्री, जळगावचा डाळगिरणीवाला, कुंभकोणमचा विड्याच्या पानांचा ठोक व्यापारी, सगळे तिथे एकत्र येतात. एक्सेल क्रमांकाआधीचं शून्य खातं, सोळा आकडी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य करून टाकतं, एखाद्या कोडला तारीख समजून बसतं. तरीही ते मरत नाही, कारण ते उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. टॅली एक्सएमएलमधून नोंदी आत घेते आणि बाहेर देते, हे वर्षानुवर्षं टॅली चालवणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. ते एक्सेलवरून हाताने टाइप करत असतात. या लोकांना नावं ठेवणारं प्रकरण पुस्तकात नाही. त्यांच्यासाठी, एक्सेल वापरायचंच असेल तर कोणत्या शिस्तीने वापरावं, यावर बरीच पानं खर्ची घातली आहेत, आणि मला वाटतं तीच सर्वांत उपयोगी पडतील.

हे सगळं आत्ताच का वाचायचं? ई-बिलाची मर्यादा पाच कोटींवर आली तेव्हा हा विषय मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागातून निघून इचलकरंजीच्या गल्लीत आला. 1 एप्रिल 2025 पासून दहा कोटी आणि त्यावरच्या उलाढालीच्या व्यावसायिकांना 30 दिवसांहून जुनं बिल पोर्टलवर नोंदवता येत नाही. म्हणजे महिनाअखेरीला बसून सगळं एकदम भरू, ही सवय आता महागात पडते. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे आहेत. सहा वर्षांनी आजची फाइल उघडेल का, उघडली तर तिच्या रकान्यांचा अर्थ सांगणारं कोणी कारखान्यात उरलेलं असेल का, याचा विचार सॉफ्टवेअर विकणारा तुमच्यासाठी करणार नाही. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या पुराव्यासाठी जी प्रमाणपत्रं लागतात, ती देताना 'आमचा जुना प्रोग्रामर सोडून गेला' हे उत्तर न्यायालयात चालत नाही.

पुस्तकाची भूमिका एका वाक्यात सांगता येईल अशी नाही, पण कल उघड आहे. जिथे निवड स्वतःच्या हातात आहे अशी जागा व्यापाऱ्याकडे एकच उरते, ती म्हणजे स्वतःची आतली वही. बाहेरचा साचा गिऱ्हाईक ठरवतं, बँक ठरवते, सरकार ठरवतं, आणि त्यांच्याशी भांडून वेळ घालवू नये. पण आतली नोंद सर्वांत समृद्ध असावी: समईचं वजनही, नगही, जोडीही, मागणी देणारा, पैसे देणारा आणि माल घेणारा हे तीन वेगळे कप्पे, रक्कम पैशांत, तारीख एकाच रीतीने. तिथून बाहेरच्या हर साच्यात उतरवून देणारा पूल बांधता येतो. उलट दिशेने, म्हणजे सरकारी जेसनलाच आपली वही मानून, चालणारे कारखाने मी पाहतो, आणि पहिलं परदेशी गिऱ्हाईक आलं की त्यांची पंचाईत होते. स्वतःचा खास साचा घडवण्याचा मोहही टाळावा, असं मी ठामपणे लिहिलं आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांच्यासाठी विरुद्ध बाजूही मांडली आहे, पण तिला माझी सहानुभूती कमी आहे हे लपवलेलं नाही.

हे प्रोग्रामिंगचं पुस्तक नाही. कोड आहे तो जुजबी. लेखापाल, सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणारी मुलं, टॅली चालवणाऱ्या ताई, लहान कारखान्याचा मालक आणि त्याला सॉफ्टवेअर करून देणारा गावातला तरुण, या सर्वांना एका टेबलाशी बसवता यावं असा हेतू आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाने तमिळ मुलुखातली उदाहरणं का सोसावीत, असं कोणी विचारील. कुंभकोणमात जन्मलेले सर टी. माधवराव 1875 मध्ये बडोद्याला दिवाण म्हणून येऊन त्या संस्थानची घडी बसवून गेले. तंजावर मुलुखातल्या मराठी माणसांना दोन भाषांतला कारभार नवा नव्हता. दोन राज्यं, दोन भाषा आणि एक बिल अशी गाठ जिथे पडते, तिथेच साच्याची खरी परीक्षा होते. सौदा पुण्यातल्या पुण्यात ठेवला असता तर अर्धे प्रश्न उपस्थितच झाले नसते.

वाचकाला एक विनंती आहे. वाचायला बसण्यापूर्वी आपल्याच व्यवसायातलं एक झालेलं बिल, त्याची मूळ मागणी आणि पोर्टलवरून उतरवून घेतलेली त्याची जेसन फाइल, असे तीन कागद शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येक प्रकरणात ते समयांच्या कागदांशी ताडून पाहावेत. करविषयक मर्यादा आणि मुदती सरकार वरचेवर बदलतं, तेव्हा त्यांवर विसंबून निर्णय घेण्याआधी पोर्टलवरची ताजी अधिसूचना जरूर पाहावी.